तुम्ही विचारलंत म्हणून: साठ हजारांत व्हिएतनाम होतं का?

"बॅकपॅक घेऊन चौदा दिवस व्हिएतनामला जायचंय, साठ हजार जमवलेत, पुरतील का?" परीक्षांचं वेळापत्रक लागलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक सेकंड किंवा थर्ड इयरचा असतो आणि त्याला हो की नाही एवढंच हवं असतं.

पुरतात, थोडी ओढाताण होते. तिथलं राहणं-खाणं मुळातच स्वस्त आहे, त्यामुळे पोटाला कितीही चिमटा काढला तरी दोन-तीन हजारांपलीकडे वाचत नाहीत. बजेट फाटतं ते निघण्याआधीच्या दोन महिन्यांत, फॉर्म भरताना आणि तिकीट काढताना.

आधी ढोबळ हिशोब. दोन महिने आधी काढलेलं विमान २४,०००, व्हिसा सव्वादोन हजार, प्रवासविमा हजारभर. डॉर्ममधली खाट रात्रीला ५०० धरून बारा रात्रींचे ६,०००. उरलेल्या दोन रात्री बस आणि ट्रेनमध्ये. खाण्याचे ९,०००, देशातल्या देशात फिरण्याचे ६,०००, बोटी आणि प्रवेश तिकिटांचे ५,०००, सिमकार्डाचे ८००. बेरीज ५४,०००च्या आसपास. उरलेले सहा हजार 'हात न लावायचे' म्हणून बाजूला ठेवा. माझं मत विचाराल तर ते आठ हजार असावेत, म्हणजे आकडा बासष्ट होतो.

आता महिना. देश लांबुळका आहे आणि तिन्ही भागांचं हवामान वेगळं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हुए, होई आन या मधल्या पट्ट्यात मुसळधार पाऊस असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेच्या डोंगरात स्वेटरवर भागत नाही. मे महिन्यात उकाडा जीव काढतो, पण बाकी अडचण नाही. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी 'तेत' म्हणजे त्यांचं नववर्ष येतं. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद, तेव्हा ते दिवस टाळा.

पासपोर्टची सर्वसाधारण फी १,५०० रुपये, तत्काळ घेतलात तर वर २,०००. पोलीस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावर होते. तुम्ही पुण्यातल्या हॉस्टेलवर आणि अर्जातला पत्ता लातूरचा, अशा वेळी पोलीस घरी येऊन परत जातात आणि गाडी तिथेच अडते. अर्ज सुट्टीत घरी असताना करा. आधीचा पासपोर्ट असेल तर व्हिएतनाममध्ये उतरायच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने तो वैध हवा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. ऑगस्ट २०२३पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन'ने संपतो. शोधल्यावर सगळ्यात वर दिसणारी बरीच पानं एजंटांची असतात, त्याच व्हिसाचे दुप्पट-तिप्पट घेणारी. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात, तुम्ही तीन आठवडे हाताशी ठेवा.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी. मराठी घरातल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बरेचदा वडिलांचंही नाव असतं, म्हणजे 'प्रसाद रमेश' आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. मुलं व्हिसाच्या फॉर्मात नुसतं 'प्रसाद' लिहितात, तिकिटावर तिसरंच काहीतरी. नाव पासपोर्टच्या तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात त्यावरून उतरवून घ्या, अक्षर न् अक्षर. तेच व्हिसावर, तेच तिकिटावर. पासपोर्टच्या पानाचा फोटो काढताना त्या दोन ओळी कापल्या गेल्या तर अर्ज परत येतो. चुकीच्या नावाने व्हिसा मंजूर झाला तर मात्र नवा अर्ज, नवे २५ डॉलर.

दुसरी चूक तारखेची. व्हिसा ज्या तारखेला सुरू होतो त्याच्या आधी पाच मिनिटंही आत घेत नाहीत. तुमचं विमान ५ तारखेला रात्री पावणेबाराला उतरणार असेल आणि व्हिसा ६ पासून असेल, तर मुंबईच्या काउंटरवरच अडवतील. सुरुवातीची तारीख एक-दोन दिवस अलीकडची टाका. शिवाय व्हिसाच्या दोन छापील प्रती जवळ हव्यात, कारण फोनची बॅटरी रांगेतच संपते.

तिकीट जाताना उत्तरेतल्या हनोईचं आणि येताना दक्षिणेतल्या हो ची मिन्ह सिटीचं, म्हणजे जुन्या सायगॉनचं काढा. दोन्ही शहरांमधली रेल्वे १,७२६ किलोमीटरची आहे. परतीचं तिकीटही हनोईचंच काढलंत तर ते अंतर उलटं कापण्यात एक दिवस आणि चार-पाच हजार जातात. हनोई तीन रात्री, निन्ह बिन्ह दोन, तिथून रात्रीच्या बसने हुए, हुएमध्ये दोन, होई आन तीन, दा नांगहून रात्रीची ट्रेन, शेवटी सायगॉन दोन. हुए ते दा नांग हा तुकडा बसने करू नका, दिवसाच्या ट्रेनने करा. दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीत हाय वान घाटाखालचा समुद्र असतो.

स्लीपर बसमध्ये चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या असतात. खाटा तिथल्या लोकांच्या मापाच्या, पावणेसहा फुटांच्या वर असाल तर पाय दुमडूनच झोपा. बस पहाटेच पोचते आणि हॉस्टेलची खाट दुपारी मिळते, पण सॅक ठेवून घेतात. तेवढ्या तासांसाठी आदल्या रात्रीचं भाडं भरू नका.

स्वस्त विमानांत केबिनचं सामान सात किलोच धरून चाला. चाळीस लिटरची रिकामी सॅकच सव्वा ते दीड किलोची असते, मग उरले साडेपाच. काउंटरवर वजन जास्त भरलं तर तिथे लागणारा दर ऑनलाइन आधी घेतलेल्या सामानाच्या कितीतरी पट असतो. पॉवर बँक केबिनमध्येच लागते आणि २०,००० एमएएचची चालते. दोन गोल पिनांचा चार्जर तिथे बसतो, आपला तीन पिनांचा बसत नाही.

पैशांचं जरा सविस्तर. १०० डॉलरच्या दोन कोऱ्या नोटा इथूनच घ्या. फाटकी, पेनाने खूण केलेली नोट तिथे घेत नाहीत किंवा कमी भाव देतात. बाकीचे कार्डावर. आपल्या साध्या कार्डांवर परदेशी व्यवहाराला साधारण ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे दहा हजारांमागे ४१३ रुपये. त्यावर एटीएमची फी वेगळी, आणि ती दर खेपेला लागते. म्हणून थोडे थोडे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. हा साडेतीन टक्क्यांचा मार्कअप न लावणारी कार्डंही मिळतात, महिनाभर आधी मागवा. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अॅपमध्ये घरूनच सुरू करून ठेवा, तो मुळात बंद असतो. एटीएम मध्येच विचारतं, रक्कम रुपयांत बदलून देऊ का? नाही म्हणा. तिथला दर त्यांच्या सोयीचा असतो.

तिथलं चलन डोंग, त्याचे आकडे बघून सुरुवातीला डोळे फिरतात. शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. विमानतळावरून हनोईच्या जुन्या भागात जाणाऱ्या ८६ नंबरच्या बसचं तिकीट ४५,००० डोंग, म्हणजे दीडशे-एकशे साठ रुपये. टॅक्सीने हजाराच्या आसपास. आणि एक जपा: वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर आणि प्लॅस्टिकच्या. अंधारात, घाईत, स्कूटरवाल्याला सत्तर रुपयांऐवजी साडेसतराशे दिले जातात. पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या खिशात ठेवा.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द पाठ करा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी असा होतो, आणि चहाला त्यांचा शब्द वेगळा आहे. पाटीवर 'कॉम चाय' दिसलं की आत शिरा, ताटभर भात-भाजी मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच बौद्ध लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी अशी दुकानं भरलेली असतात. नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही, माशाचा सॉस जवळजवळ सगळ्यातच पडतो.

शेवटी स्कूटर, कारण तो प्रश्नही ठरलेलाच. आपल्या आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या रस्ते-वाहतूक कराराखालचा आहे, आणि व्हिएतनाम मानतं १९६८च्या करारातला. त्यामुळे तो खिशात असूनही तिथे तुम्ही विनापरवानाच. दुकानदार भाड्याने देतो, त्याला काय? पण अपघात झाला तर विमा कंपनी हेच कलम दाखवून दावा नाकारते, आणि हाड मोडल्याचं बिल सगळ्या सहलीपेक्षा मोठं येतं. उत्तरेतल्या 'हा झांग'च्या डोंगरात जायचंच असेल तर स्थानिक चालकामागे बसून जा, महाग पडतं पण चालतं. त्यासाठी कोणी पासपोर्ट गहाण मागितला तर देऊ नका. निन्ह बिन्ह आणि होई आनमध्ये रस्ते सपाट आहेत, बऱ्याच हॉस्टेलांत सायकल फुकट मिळते. घेण्याआधी ब्रेक तेवढे दाबून बघा.