जीडीएचा कोर्स आणि कुलपातलं बीपीचं यंत्र

वृद्धाश्रमात आम्हाला सगळे मावशीच म्हणतात. पण आता माझ्याकडे जनरल ड्युटी असिस्टंटचं (जीडीए), म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या मदतनीसाचं प्रमाणपत्र आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. प्रवेश, आधारची पडताळणी, लेखी परीक्षा, यात कुठेच अडलं नाही. अडलं ते प्रॅक्टिकलला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

कोर्सच्या संस्थेत हाताने बीपी घ्यायचं यंत्र एकच, तेही कपाटात. किल्ली सरांकडे आणि सर कायम दुसऱ्या शाखेत. आम्ही आपलं वहीत उतरवून घ्यायचो: नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. यंत्राचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "आधी पाठ करा, परीक्षेच्या तोंडावर दाखवू." अहो, दंडाला पट्टा बांधल्याशिवाय ते हातात बसणार कसं? हॉस्पिटलच्या ट्रेनिंगला तरी शिकवतील म्हटलं, तर तिथे रिपोर्ट आणायला पिटाळायचे. पेशंट पलंगावर असताना चादर कशी बदलायची तेवढं मात्र तिथे नीट शिकले. बीपी घेताना जवळ गेलं की "गर्दी करू नका." पुढे जाऊन आजारी माणसं आमच्याच हाती सोपवणार, मग शिकवायला एवढी टाळाटाळ का?

शेवटी आमच्या आश्रमातल्या सिस्टर धावून आल्या. दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही दोघी-तिघी त्यांच्याकडे बसायचो. माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. थंडीत आजी स्वेटर काढू देत नाहीत, तरी वरून बांधायचा नाही. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की त्या आकड्याच्या वर आणखी ३० हवा भरायची आणि अगदी हळू सोडायची. स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज बंद होतो तो खालचा. पहिल्यांदा तो ठोका कानात वाजला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डायलिसिससाठी फिस्टुला (शीर आणि धमनी एकमेकांना जोडलेली जागा) केलेल्या हातावर पट्टा कधीच बांधायचा नाही, हे वहीत कुठेच नव्हतं, तेही सिस्टरांनीच सांगितलं.

परीक्षकांनी मला श्वास मोजायला सांगितला. मोजतोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट.

फीचा शेवटचा हप्ता देण्याआधी यंत्र हातात मागा. लाजू नका.

बाकी रोजच्या कामातलं. शुगरवाल्या आजोबांना दरदरून घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीत असतील, नीट गिळत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सिस्टरांना हाक मारा आणि १०८ लावा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर थांबायचं नाही, तेव्हाही १०८. शेवटचे कधी ठीक होते ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल, तर जखम सुरू झाली समजा. भरवताना ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खालीच हवी, उचलून पलंगावर ठेवू नका.

आणि कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज एकदम भ्रमिष्टासारखं करायला लागल्या, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा पाणी कमी पडणं, यानेही तसं होतं. त्याच पाळीत सिस्टरांच्या कानावर घाला.