क्लबचा चेंज रिपोर्ट

आमच्या क्रिकेट क्लबच्या खात्यात पैसे होते, पण पोरांसाठी नेट बांधायला ते काढता येत नव्हते. बँकेनं धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांचा, उतारा मागितला. त्यावर अजून जुनीच सात नावं, त्यातले तिघं वारलेले. १८६० च्या कायद्यानं संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. आमच्या मिलमधल्या मंडळींनी तेवढी मोजून भरली होती. पुढं कमिट्या बदलल्या, कागद तसाच राहिला.

वकिलांनी सांगितलं, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, द्यावी लागते. आमचे ९० दिवस कधीच उलटून गेलेले, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. शिवाय मयतांचे दाखले, हयात असलेल्यांची ना-हरकत, नव्यांची संमतीपत्रं, ठराव, हजेरीच्या सह्या. आमची पहिली सभा तर वायाच गेली, कारण नोटीस संस्थेच्या घटनेतली, म्हणजे नियमावलीतली, मुदत न पाळताच काढली होती. कुणाला हे करायचं असेल तर आधी आपल्या संस्थेची घटना वाचा, मग बाकीचं.

ना-हरकतीसाठी सोलापुरातल्या साखर पेठेत अण्णांकडे गेलो. ते क्लबचे जुने सेक्रेटरी. "ये की, बस," म्हणाले आणि ट्रंकेतून चादरीत गुंडाळलेली इतिवृत्ताची वही काढली. शाई तपकिरी झालेली. एका पानावर खर्च लिहिलेला: मॅटचे खिळे दोन डझन, मॅट शिवायला सुतळी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम दाबून त्यावर काथ्याची मॅट ताणायची. पहिली पाळी सुटली की मिलमधून थेट मैदान. ताणताना एक कोपरा अण्णांकडे असायचा. खिळा ठोकताना चेचलेलं नख त्यांनी मला दाखवलं, अजून वाकडंच आहे.

उम्रीगरांचा विषय निघाला. पॉली उम्रीगर १९२६ साली सोलापुरात जन्मले. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. अण्णा हा आकडा घरच्या माणसाचं वय सांगावं तसा सांगतात. मला ते फार आवडलं.

सही करताना त्यांचा हात थरथरत होता. जुन्या कागदावरच्या सहीशी जुळायला हवी, म्हणून त्यांनी आधी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चार वेळा सही गिरवली, मग अर्जावर केली.

बाकी महिने तारखांत गेले. आदेश झाला, नवा उतारा हातात आला, तो घेऊन आधी अण्णांकडेच गेलो. त्यांनी एकेका नावावर बोट ठेवून वाचलं.

"माझं नाव निघालं, बरं झालं. नेट कुठं बांधायलास?"

मी जागा सांगितली.

"विकेट उत्तर-दक्षिण धर बघ. नाहीतर संध्याकाळी पोरांच्या डोळ्यांवर ऊन येतंय."