किती पाडली आणि किती उरली

गुंतवणुकीची सोन्याची नाणी घेताना "मर्यादित टांकणी" (म्हणजे नाणी ठरावीक संख्येतच पाडणे) हे शब्द दिसले, की ते नाणे दुर्मीळ ठरणारच, असे अनेक संग्राहक गृहीत धरतात. मला मात्र पाडलेल्या संख्येपेक्षा उरलेली संख्या अधिक महत्त्वाची वाटते.

याचे उत्तम उदाहरण ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याच्या काळातील सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यात सापडते. 1917 साली लंडनच्या टांकसाळीत सुमारे 10 लाख सॉव्हरिन पाडले गेले, तर 1918 साली मुंबईच्या टांकसाळीत, "आय" (इंडियाचे आद्याक्षर) हे चिन्ह घेऊन, सुमारे 13 लाख. वजन तेच, 7.98 ग्रॅम, आणि सोनेही 22 कॅरेटचेच. तरीही मुंबईचे नाणे आज सहज मिळते आणि लंडनचे अतिशय दुर्मीळ आहे, कारण महायुद्धाची देणी भागवण्यासाठी त्यातील बहुतेक नाणी अमेरिकेत गेली आणि वितळवली गेली.

दक्षिण आफ्रिकेचे क्रुगररँड हे सोन्याचे नाणे 1967 मध्ये केवळ 40,000 निघाले आणि 1978 मध्ये 60 लाखांहून अधिक. म्हणूनच पहिल्या वर्षाच्या नाण्याला सोन्याच्या भावावर अधिमूल्य, म्हणजे जादा किंमत, मिळू शकते, पण तेही मागणी असेल तरच. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीने चिनी राशींच्या मालिकेतील एक औंसाच्या नाण्यांवर 30,000 ची मर्यादा ठेवली होती. अशी मर्यादा आधीच जाहीर झाली, की बहुतेक नाणी जपूनच ठेवली जातात, त्यामुळे वितळवण्यातून येणारी दुर्मीळता त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.