ट्रेलर लॉग: चौदा फुटी बोट, खाडीचा गाळ आणि पावसाळाभर चाललेलं काम

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी नवी मुंबईतल्या बेलापूरहून ऐरोलीला परत येताना तुर्भ्याच्या जरा अलीकडे ट्रेलरच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला, खडखड नाही, जात्यावर दळण चालू असल्यासारखी एकसारखी घरघर. बाजूला घेतलं आणि दोन्ही हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंग बसतात त्या भागाला, हात लावून बघितला, उजवा कोमट होता आणि डावा असा की बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. ग्रीस जळल्याचा वास येत होता. नशीब की एपीएमसीच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला रविवारीही स्पेअर पार्टचं एक दुकान उघडं होतं, तिथल्या पंक्चरवाल्या दादांनी जॅक दिला, हबचं टोपण म्हणजे डस्ट कॅप काढली आणि आतून जे बाहेर आलं ते ग्रीस नव्हतंच. जास्त दूध घातलेल्या चहावर साय धरावी तसं काहीतरी पांढुरकं, त्यात गंजाचे लाल धागे, आणि बाहेरच्या बेअरिंगचा पिंजरा तीन तुकड्यांत हातात आला. नवीन बेअरिंग कसंबसं बसवून पंधराच्या स्पीडने घरी आणलं आणि त्याच रात्री ठरवलं की या पावसाळ्यात बोटीला हात लावायचा नाही, सगळं काम ट्रेलरचं.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: फायबरची चौदा फुटी बोट, पंधरा हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, पंचवीस लिटरची टाकी, सिंगल एक्सलचा ट्रेलर, सगळं मिळून वजन साधारण ४२० किलो. ट्रेलर सात वर्षांपूर्वी बनवून घेतला होता. उतरवतो बेलापूरच्या बाजूच्या एका उतारावर, कोळीवाड्यातल्या मंडळींना विचारून. तिथून परत घरी जेमतेम वीस किलोमीटर.

आता पाणी हबमध्ये गेलं कसं, कारण सील, म्हणजे पाणी अडवणारी मागची रबरी कडी, तर दीड वर्षापूर्वीच बदललं होतं. वीस किलोमीटर चालून आलेला हब गरम असतो, आतली हवा फुगलेली असते. तो तसाच खाडीत बुडवला की झटकन गार होतो, हवा आकसते आणि आत ओढ तयार होते, आणि ती ओढ सीलच्या ओठाखालून पाणी आत खेचते. म्हणजे सील फाटलेलं असायची गरजच नाही. त्यात आपली खाडी, पाण्यात मीठ आहेच पण त्याहून वाईट म्हणजे पिठासारखा बारीक गाळ, तो ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिश पेपरच झाला समजा. मी वर्षानुवर्षं पोचलो की लगेच उतरवायचो, भरती निघून जाईल म्हणून घाई. आता नियम केलाय, पोचल्यावर आधी हबला हात लावायचा, कोमट वाटला तर थांबायचं, तोपर्यंत बोटीतलं सामान लावून घ्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं आरामात जातात.

जून. दोन्ही हब उतरवले, जुने बेअरिंग फेकून दिले, उजव्याचे चांगले दिसत होते तरी. आत ३०२०६ आणि बाहेर ३०२०४ टेपर रोलर आहेत, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. कप, म्हणजे हबमध्ये बसणारी बाहेरची कडी, पण नवीन टाकले, फक्त कोन (रोलरवाला आतला भाग) बदलून जुन्या कपवर बसवणं म्हणजे नवीन चप्पल आणि जुनाच खिळा. खरा त्रास स्पिंडलचा, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या एक्सलच्या टोकाचा होता, सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती, तिथे कितीही महागडं सील लावा पाणी जाणारच. रबाळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे ती जागा बारीक टर्न करून त्यावर स्टेनलेसची पातळ स्लीव्ह प्रेस करून घेतली. सील दोन ओठांचं घेतलं.

ग्रीस कॅल्शियम सल्फोनेटचं घेतलं, पाण्यात लिथियमपेक्षा खूप चांगलं टिकतं. पण आधीचं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, सुकवून मगच हे भरलं, दोन जातींची ग्रीस एकत्र केली की कधीकधी पातळ होऊन वाहून जातात. भरायची पद्धत तीच, तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची जोपर्यंत वरच्या बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे बारीक शेवयांसारखे धागे बाहेर येत नाहीत, मग थोडं फिरवून पुन्हा. एका बेअरिंगला पाच मिनिटं लागतात आणि हे काम मला फार आवडतं, पाऊस बाहेर धो धो आणि आपण पार्किंगमध्ये स्टुलावर बसून.

नट घट्ट करायचं ज्यांना अवघड वाटतं त्यांच्यासाठी: चाक हाताने फिरवत फिरवत नट पान्याने आवळा, चाक जड झालं की थांबा, मग नट पूर्ण सैल करून परत फक्त बोटांनी जेवढा जाईल तेवढा आवळा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळवायला लागला तर थोडा मागे न्या, पुढे नाही. नंतर चाक वरून आणि खालून धरून हलवायचं, अगदी नखभर खेळ जाणवला पाहिजे. पिन प्रत्येक वेळी नवीन.

बाहेर स्प्रिंगवाल्या ग्रीस कॅप लावल्यात, ज्यात स्प्रिंग आतल्या ग्रीसवर सतत हलका दाब ठेवते म्हणजे थंड झाल्यावर पाणी आत ओढलं जात नाही. पण ग्रीस गनने जास्त दाबून भरलं तर मागचं सील बाहेर ढकललं जातं आणि ते आपल्याला दिसतही नाही. म्हणून मी दोन-तीन पंप, आतली प्लेट जराशी हलली की बस.

हब झाल्यावर वाटलं फ्रेमला एक कोट मारू आणि संपवू. ब्रश मारायच्या आधी सवयीने हातोडीने ठोकून बघत होतो, मधल्या आडव्या पाइपवर आवाज बदलला, टण्ण ऐवजी थप्प. वरून रंग झकास होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर कागदातून जावा तसा आरपार गेला आणि भोकातून मूठभर लाल पापुद्रे आणि वाळलेला काळा गाळ बाहेर पडला. बराच वेळ नुसता बघत बसलो. याच पाइपवर बोटीच्या पुढच्या भागाचं वजन होतं आणि मागे ठाणे-बेलापूर रोडवर बाईकवाले चालत असतात.

चूक डिझाइनमध्येच होती. बनवणाऱ्याने बंद बॉक्स पाइप वापरला, टोकांना टोप्या वेल्ड केल्या, पण लाइटच्या वायरसाठी भोकं पाडली. त्या भोकांतून खाडी आत जाते आणि बाहेर यायला वाट नाही, सात वर्षं तो ट्रेलर आतून मिठाच्या पाण्यात उभा होता आणि मी बाहेरून रंग देत होतो. म्हणून जो कोणी नवीन ट्रेलर बनवतोय त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, खाडीत बुडणारा एकही बंद पाइप ठेवू नका. उघडा सी चॅनेल घ्या, तोंड बाहेरच्या किंवा खालच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा पाइप मारून धुता येतो, बोट घालून बघता येतं, गंज लागला तर डोळ्यांना दिसतो. बॉक्स पाइप तेवढ्याच वजनात जास्त कडक असतो, पिळत नाही, हे खरंय. चॅनेलमध्ये एक-दोन आडवे जास्त टाकावे लागतात आणि वजन वाढतं, माझं अकरा किलो वाढलं, ते मला मंजूर आहे.

जुलै. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चॅनेल आणला, ओळखीच्या फॅब्रिकेटर चाचांकडे नवीन फ्रेम. ते चाळीस वर्षं वेल्डिंग करतायत, मी नकाशा दाखवला तर म्हणाले, "पानी निकलने का रास्ता पहले बनाओ, ट्रेलर बाद में." मग फ्रेम तळोज्याला हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून थर चढवायला. तिथे जायच्या आधी जिथे जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात किंवा पोकळी राहते तिथे हवा जायला भोकं पाडावीच लागतात, कारण वितळलेलं झिंक साधारण ४५० डिग्रीला असतं आणि पोकळीत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली तर तुकडा अक्षरशः फुटू शकतो. माझ्या फ्रेममध्ये पोकळी फक्त पुढच्या दांड्याच्या जोडावर होती, तिथे दोन भोकं. बोल्टची भोकं दोन मिलिमीटर मोठी ठेवा, झिंक चढल्यावर लहान होतात. आणि काहीही नंतर वेल्ड करायचं नाही, जे लागेल ते आधीच आठवा, मी जॉकी व्हीलचा (पुढच्या टेकूच्या छोट्या चाकाचा) ब्रॅकेट विसरलो आणि तो यू बोल्टने लावावा लागला.

एक गोष्ट पावसाळ्यात करणाऱ्यांसाठी. फ्रेम चांदीसारखी चकचकीत घरी आली आणि मी लाडाने ताडपत्री गुंडाळून ठेवली, चार दिवसांनी काढली तर आतल्या बाजूला पांढरी भुकटी. नवीन झिंक ओलसर कोंडलेल्या हवेत राहिलं की असं होतं, त्याला हळूहळू मोकळ्या हवेत राखाडी थर धरू द्यावा लागतो, मग तोच थर त्याला जपतो. नायलॉन ब्रशने घासून काढली, ताडपत्री काढून विटांवर उंच ठेवली, वर फक्त छप्पर. थांबलं.

बोटीखाली आधी लाकडी फळ्यांवर कार्पेट होतं. कार्पेट म्हणजे मीठ साठवायचा स्पंज, फळी खालून कुजली होती. आता फळीवर एचडीपीईच्या, म्हणजे गुळगुळीत कडक प्लास्टिकच्या, पट्ट्या, स्क्रूची डोकी खोल बुडवून. बोट यावर इतकी सहज सरकते की पहिल्यांदा छातीत धस्स होतं, त्यामुळे विंचचा (बोट ओढायच्या चरखीचा) पट्टा बोटीचा मागचा भाग पाण्यात तरंगेपर्यंत सोडायचाच नाही, आणि सेफ्टी चेन वेगळी. मागे दोन्ही बाजूंना उभे पीव्हीसी पाइप लावले, वर लाल टेप. आपल्या खाडीचं पाणी एवढं गढूळ की बुडालेला ट्रेलर वीतभर खालीसुद्धा दिसत नाही, ओढ बाजूने असली की बोट तिरकी जाऊन फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, बसते. हे दोन पाइप सगळ्यात स्वस्त काम होतं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं निघालं.

आता डोलण्याबद्दल. जुना ट्रेलर पन्नासच्या वर शेपटी हलवायचा आणि मी वाऱ्याला दोष द्यायचो. यावेळी घरचा वजनकाटा घेतला, त्यावर लाकडाचा ठोकळा, आणि हिचचं, म्हणजे गाडीच्या बॉलवर अडकतं ते, टोक बॉलच्या उंचीवर आणून ठेवलं. १४ किलो! ४२० किलोच्या ट्रेलरला निदान पाच टक्के, शक्यतो सात-आठ ते दहा टक्के वजन पुढे हवं, नाहीतर मागचा भाग गाडीला हलवतो. नवीन फ्रेमवर एक्सल यू बोल्टने आहे म्हणून पंधरा सेंटिमीटर मागे सरकवला, काटा ३० वर आला, विंचचा खांब पाच सेंटिमीटर पुढे घेतला, ३४. मोजताना पेट्रोलची टाकी भरलेली आणि तिच्या जागेवरच ठेवा, ती रिकामी आणि भरलेली यात अठरा किलोचा फरक आहे. परवा पामबीचच्या मोकळ्या रस्त्यावर पंचावन्नला नेला, आरशात बोट चित्रासारखी स्थिर.

लाइटचा विषय मी सोडूनच दिला, म्हणजे पाण्यात बुडवायचाच नाही असं ठरवलं. एलईडी दिवे आणि नंबर प्लेट एका वेगळ्या पट्टीवर, बोटीच्या मागे दोन पिनांनी अडकते, उताराला पोचलो की काढून गाडीत. वायर टिनवाली, आणि अर्थिंगची स्वतंत्र वायर थेट प्लगपर्यंत, हिचच्या बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर नाही.

धुण्याचं सांगतो, कारण सोसायटीत पाण्याची बोंब सगळीकडे सारखीच. शेतात फवारणीला वापरतात तो सोळा लिटरचा बॅटरीवाला पंप घेतला, घरून भरून नेतो आणि उतारावरच, बोट वर आल्या आल्या, हब, स्प्रिंगचे पाटे, यू बोल्ट, चॅनेलच्या आतून फवारतो. गाळ ओला असताना सहज निघतो, घरी पोचेपर्यंत वाळला की सिमेंट. सोळा लिटर पुरतात, सोसायटीतही कुणाची तक्रार नाही.

नारळी पौर्णिमा झाली, त्यानंतरच्या आठवड्यात पहिल्यांदा उतरवला. कोळीवाड्यातल्या काकांनी नवीन फ्रेमला हात फिरवून बघितलं, खाली वाकून चॅनेलमध्ये बोटं घातली, मान डोलावली. मग उताराकडे हात करून म्हणाले, "पानी उतरला का गाडी खाली नेव नको, खाली गाल हाय." उताराचं काँक्रीट संपतं तिथून पुढे गाळच आहे, ओहोटीला चाक त्या कडेवरून खाली गेलं तर हाताने निघत नाही. तिथीची पाऊणपट करायची हेही मला त्यांनीच शिकवलं, चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. खाडीत जितकं आत जाल तितकी जरा उशिरा धरायची. मी अजूनही तक्ता बघतो, पण आधी बोटांवर मोजतो आणि मग पडताळतो.

आतापर्यंत पाच वेळा उतरवून झालं. काल संध्याकाळी डावी कॅप काढली, करंगळीने थोडं ग्रीस काढून पांढऱ्या कागदावर पसरलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. जसं भरलं तसंच, पांढरा एक ठिपका नाही. उजव्याचंही तेच.

बाकी आहे ते: एक आख्खा स्पेअर हब, बेअरिंग आणि ग्रीस भरून, डब्यात तयार ठेवायचा, म्हणजे रस्त्यात झालं तर फक्त नट आणि पिन. स्टेपनीचा ब्रॅकेट. शनिवारी षष्ठी आहे, भरती साडेचार धरली तर तीनच्या आसपास बोट पाण्यात हवी, हब थंड व्हायला अर्धा तास, म्हणजे ऐरोलीतून दीडच्या आत निघायचं.