तुम्ही विचारलंत म्हणून : ही मराठी शाळा कुणासाठी?

बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात मला हमखास विचारले जाते, "बाई, तुमच्या शाळेंत गोंयचीं भुरगीं कितलीं?" म्हणजे गोव्याची मुले किती? उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे माझे बोलणे पुरे होण्याआधीच दुसरा प्रश्न येतो आणि खरा प्रश्न तोच असतो: गावची मुले नाहीत, घरी मराठी बोलणारी तर त्याहून नाहीत, मग सरकार ही मराठी शाळा चालवते कुणासाठी? आजवर मी हसून विषय बदलत आले. ज्यांनी मनापासून विचारले आणि ज्यांनी टोमणा म्हणून विचारले, त्या दोघांसाठीही आता एकदाच लिहिते.

गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आमच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या पटावर कर्नाटकातील गदग, कोप्पळ, बागलकोट या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले सर्वांत जास्त आहेत. त्यांच्या खालोखाल बिहार आणि झारखंडची. गावातील जुन्या घरांची मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती मी घालवलेली नाहीत. तुम्ही ती इंग्रजी शाळांत नेलीत आणि नेण्याचा तुम्हाला अधिकार होता. २०१४ साली कर्नाटकातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केलेच आहे. मात्र स्वतःचे मूल शाळेतून काढून घेऊन नंतर शाळा ओस का, असे शिक्षिकेला विचारणे मला रास्त वाटत नाही. शिवाय शाळा ओस नाही. तुम्हाला हवी असलेली मुले तिथे नाहीत, इतकेच.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने १९६३ नंतर वाड्यावाड्यांवर शाळा काढल्या, तेव्हा त्या शाळांत कोण बसले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना आपल्या आईवडिलांकडून ठाऊक आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणाऱ्या मुंडकारांची आणि कुळांची मुले होती, ज्यांच्या घरात वाचता येणारे कोणी नव्हते. घरी कोकणी, पुस्तकात मराठी, अशा स्थितीत ती शिकली, आणि भाटकाराच्या पडवीत उभे राहणाऱ्यांची नातवंडे आज इंजिनिअर आहेत. त्या पिढीच्या शाळेचा आपल्याला अभिमान वाटतो. त्याच शाळेत, त्याच बाकांवर, तशाच घरांतील मुले आज बसली, तर ती शाळा 'घांटींची', म्हणजे घाटापलीकडून आलेल्यांची, होते. मी हे कडवटपणे लिहिते आहे याची मला जाणीव आहे, आणि तरी ते खोडत नाही.

"शिक्षण फुकट, पुस्तके फुकट, दुपारी भाजी-पावही मिळतो, मग आणखी काय हवे?" असेही विचारले जाते. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क रद्द केले, तेव्हा दहा लाखांहून अधिक नवी मुले शाळांत आली. वर्गखोल्या आणि शिक्षक मात्र त्या वेगाने आले नाहीत, आणि एकेका वर्गात किती मुले बसवायची हा प्रश्न उभा राहिला. शुल्क हा एक अडसर असतो; तो काढल्यावर त्याच्यामागचे दिसू लागतात. आमच्याकडे तो अडसर कधीच गेला. शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक दिले आहेत. प्रत्यक्षात एका शिक्षिकेने चारही इयत्ता सांभाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. त्याच कायद्याच्या नवव्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे, आणि चौथ्या कलमाने शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत बसवून बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्यासाठी खास प्रशिक्षण देण्याची तरतूद केली आहे. हे प्रशिक्षण माझ्या शाळेत कोण देते, असे तुम्ही विचारीत नाही. मीच देते, मधल्या सुट्टीत.

आता ज्या मुलीमुळे हे लिहावेसे वाटले, तिच्याबद्दल. तिचे नाव लिहीत नाही. वडील नव्या व्हिलांच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली आणि आई त्याच ठिकाणी घमेली वाहणारी. कोप्पळ जिल्ह्यातून ती आली तेव्हा वयाप्रमाणे तिला तिसरीत बसवावे लागले. गावी ती काही महिने कन्नड शाळेत गेली होती. मराठीचे एक अक्षर तिला येत नव्हते. वर्षभरात ती वाचू लागली. माझ्या कौशल्याला त्याचे श्रेय फारसे नाही. गल्लीत, दुकानात, नळावर तिच्या कानांवर कोकणी-मराठी सतत पडत होती आणि ती मुलगी ऐकण्यात तरबेज होती. चौथीत तर पहिलीच्या मुलांना तीच कन्नडमधून समजावून सांगे, आणि त्या वर्षी माझ्या शाळेला दुसरी शिक्षिका मिळाली होती असे मी अर्धवट थट्टेने म्हणत असे.

आपल्याकडे पाचवी हायस्कुलात सुरू होते, आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. जवळच्या अनुदानित हायस्कुलात मी तिच्या वडिलांना पाठवले. जन्मदाखला नाही, आधार कार्डावरचे नाव आमच्या दाखल्यावरील नावाशी जुळत नाही, असे सांगून कार्यालयातून त्यांना परत पाठवण्यात आले. प्रत्येक खेपेला त्यांची एका दिवसाची मजुरी बुडत होती. मग मी स्वतः त्यांच्यासोबत गेले. वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम मी छापून नेले होते. मुख्याध्यापकांनी ते वाचलेही नाही. अत्यंत सौजन्याने ते म्हणाले, "कायदा आम्हालाही ठाऊक आहे, बाई. पण आमच्या पालकांच्या सभेला उत्तर द्यायला तुम्ही येणार आहात का?" मुलीचे वडील माझ्या शेजारीच उभे होते. त्यांना मराठी पुरती कळत नव्हती, पण नकार कळायला भाषा लागत नाही. बाहेर आल्यावर त्यांनी उलट माझेच सांत्वन केले: "जाने दो मॅडम, हम दूसरा देखेगा."

भागशिक्षणाधिकाऱ्यांना मी पत्र लिहिले, आठवण करून देणारे दुसरेही लिहिले, आणि अखेर दूरच्या एका हायस्कुलाने तिला घेतले. तोवर पहिली चाचणी होऊन गेली होती. सरकारने अनुदानित शाळांना दिलेला बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, त्या हायस्कुलालाही होता. तो मजुरांच्या वस्तीकडे वळत नव्हता. दोन बसगाड्या बदलून ती चतुर्थीपर्यंत गेली आणि मग जाईनाशी झाली. मी चौकशीला बांधकामावर गेले, तेव्हा धाकट्या भावाला काखेत घेऊन ती वाळूच्या ढिगापाशी बसली होती. वर्गात सगळे इंग्रजीतून चालते, विचारले की मुले हसतात, असे तिने सांगितले, आणि मग अगदी सरळपणे विचारले, "बाई, मी परत तुमच्या चौथीत बसू?"

मी नाही म्हटले. पटावरून नाव कमी झालेल्या, दुसऱ्या शाळेत नोंद असलेल्या मुलीला मी वर्गात बसवले असते, तर तपासणीत काय उत्तर दिले असते? एकीला बसवले तर दुसऱ्यांना कसे नाकारले असते? शिवाय चौथीत पुन्हा बसून तिचे इंग्रजी सुधारणार नव्हते. हा सगळा युक्तिवाद आजही माझ्यापाशी आहे आणि त्यात मला खोट सापडत नाही. तरीसुद्धा जवळच्या त्या हायस्कुलाची दारे तिला बंद होती ती कायद्याविरुद्ध, आणि माझी बंद होती ती नियमानुसार. तिच्या बाजूने पाहिले तर या दोहोंत फरक कोणता, ते मला सांगता येत नाही. दिवाळीनंतर ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. कुठे, ते मुकादमालाही माहीत नव्हते.

इथे माझे माझ्याशीच भांडण सुरू होते. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हा पणजीत त्याविरुद्ध घोषणा देणाऱ्यांत मी होते. मूल मातृभाषेतूनच शिकते, असे मी तेव्हा ठासून सांगत असे, आणि शिक्षण हक्क कायद्याचे एकोणतिसावे कलमही शक्य तेथवर मातृभाषेचेच माध्यम सांगते. ती तेव्हाची मी आजच्या मला विचारते: मग कानडी मुलांना मराठीतून कशी शिकवतेस? मुरगाव तालुक्यात कन्नड प्राथमिक शाळा आहेत, तशी इथे का मागत नाहीस? मी म्हणते, एका खोलीत तीन मातृभाषा आहेत आणि बापाचे पुढचे काम म्हापशाला असेल, रत्नागिरीला असेल की हुबळीला, हे त्यालाच ठाऊक नाही; अशा मुलाचे माध्यम तू ठरवून दाखव. ती गप्प बसत नाही. पाचवीला इंग्रजीच यायची असेल तर पहिलीपासून इंग्रजी का नको, असे तिसरेच कोणीतरी मध्ये विचारते, आणि त्या मताला मी आजही मान्यता देत नाही, कारण जी भाषा मुलाला गल्लीतही ऐकू येत नाही तिच्यात त्याला वाचायला शिकवणे किती अवघड असते, ते मी पाहिले आहे. पण ती मुलगी वाळूवर बसली होती, हेही मी पाहिले आहे.

एका कोकणीवादी मित्राचा आरोप असा की, मराठीची आकडेवारी टिकवण्यासाठी आम्ही या परप्रांतीय मुलांना वापरतो. त्यात थोडे तथ्य आहे. पट शून्यावर गेला तर शाळेबरोबर माझी जागाही जाते, आणि जूनमध्ये वस्तीवर फिरून नावे गोळा करताना माझ्या मनात केवळ कायदाच असतो, असा दावा मी करणार नाही. पण शाळा बंद करून मुलांना तीन किलोमीटरवरील शाळेत सामावून घ्यावे, असे म्हणणाऱ्यांनी ते तीन किलोमीटर सहा वर्षांच्या मुलाने, आईवडील सकाळी सातला कामावर गेल्यानंतर, कोणाच्या हाताला धरून चालायचे, तेही सांगावे.

मला हवे आहे ते एवढेच, की चौथी उत्तीर्ण झालेल्या मुलाचे पाचवीतील नाव शिक्षण खात्याने स्वतः नोंदवावे. कागद घेऊन फिरण्याचे काम बापाचे नसावे. तोवर मी चौथीच्या पालकांना दिवाळीला गावी जाण्यापूर्वीच बजावते की, येताना ग्रामपंचायतीतून मुलाचा जन्मदाखला आणा आणि त्यावरचे नाव आधारशी ताडून पाहा. गेल्या जूनमध्ये एक मुलगा सोडून सगळ्यांना पाचवीत प्रवेश मिळाला. त्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव वेगळे आहे, आणि त्याचा अर्ज अजून कार्यालयात पडून आहे.