रंकाळ्यावरची पांढरी बाटली

सातवीचा वर्ग तळं बघायला सव्वासातला कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला उतरणार होता. मी जाळी, पांढरे ट्रे आणि तपासणीची पेटी घेऊन अर्धा तास आधी पोचलो, तर काठाला मासे लागलेले. पंचवीस-तीस असतील. कटला, रोहू, हातभर लांबीचे, पोट वर करून. आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना.

ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. रात्रभर आभाळ भरलेलं आणि पान हललेलं नव्हतं. पाणी हिरवंगार, रंग कालवल्यासारखं.

शाळेच्या बाईंनी बसमधून उतरताच नाकाला पदर लावला. "सर, आज पदपथ उद्यानात झाडंच दाखवूया का? पोरांना हे कशाला?" त्यांचं चुकलं नव्हतं. चाळीस मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. मीही क्षणभर हो म्हणणार होतो. पण मुलांनी मासे आधीच बघितले होते. बघितल्यावर पाठ फिरवायला शिकवायचं असेल तर मग मी तळ्यावर मुलं आणतोच कशाला? बाईंना एवढंच म्हणालो, की पाण्याला कुणी हात लावणार नाही, जाळी मी टाकतो, मुलं ट्रेमध्ये बघतील. त्या थांबल्या. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

"कुणीतरी इख टाकलंय," मागून एक पोरगा म्हणाला. विषाचं ऐकून दोघाचौघांनी माना हलवल्या. आणि मीही म्हणून गेलो, "असेल." हा शब्द मला अजून खातो. हातात पुरावा नसताना, मुलं ऐकत असताना, मी असं बोलायला नको होतं.

जाळी काठच्या गवताखालून ओढून ट्रेमध्ये उपडी केली. एरवी चतुरांची पिल्लं, गोगलगायी, बारकी मासळी सगळं सापडतं. त्या दिवशी दोनच जातींचे जीव वळवळत होते. एक पाणविंचू, शेपटीची नळी पाण्याच्या वर काढलेला, आणि डासांच्या अळ्या, उलट्या लटकून पृष्ठभागाला टेकलेल्या. मी दोघांच्या नळ्या दाखवल्या. हे जीव श्वास वरच्या हवेतून घेतात, पाण्यातून नाही.

पुढच्या रांगेतली एक मुलगी ट्रेवर वाकून कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, इख असतं तर ही बी मेली असती की."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तेवढ्यात एकानं तळ्याकडे बोट केलं. थोड्या अंतरावर चिलापी मासे तोंडं वर काढून टकाटका पाणी-हवा गिळत होते. त्याचा मामा मासेमारी करतो. तो म्हणाला, "मेलेल्यात मरळ न्हाई बघा. मरळ चिखलात बी जगतोय." मरळ हवेतूनही श्वास घेतो. मेलेल्यांत खरंच एकही मरळ नव्हता.

मग पेटी उघडली. काचेची बाटली पाण्याखाली बुडवून, एकही बुडबुडा न राहू देता भरली. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलीयुक्त आयोडाइड. ही द्रव्यं मी हातमोजे घालून घालतो, मुलं दोन पावलं मागं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, धरतो, नसेल तर पांढरा. बाटली उलटसुलट केली. साका खाली बसला, दह्याच्या निवळीसारखा फिकट. लिटरला दोन मिलिग्रॅमही ऑक्सिजन नसावा, असा रंगावरून अंदाज. कटला-रोहूला नीट जगायला चार-पाच तरी लागतो. बाई पुढं येऊन बघायला लागल्या, पदर कधीच खाली आला होता.

आता हे हिरवं पाणी. त्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि तोच ऑक्सिजन खातं. वारा नसला की वरून भरही पडत नाही. शेवाळाला वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, तो सांडपाण्यातून आयता मिळतो. "आमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातंय, सर?" एकानं विचारलं. मी नकाशा काढून उतार दाखवला. कुणावर बोट ठेवलं नाही. बारा वर्षांच्या पोरांवर अपराधाचं ओझं टाकून काही उगवत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

दुपारी बाराला, ऊन पडल्यावर, त्याच जागी दुसरी बाटली भरली. साका गडद तपकिरी. दोन्ही बाटल्या दगडी कठड्यावर शेजारी ठेवल्या, तेव्हा मुलांचा गलका एकदम थांबला. त्याच जागेचं पाणी, साडेचार तासांत. सकाळी मी "असेल" म्हणालो होतो ते चूक होतं, हे मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं.

बस सुटताना ती मुलगी खिडकीतून म्हणाली, "सर, आपण साडेसातला मोजलो. दिवस उगवायच्या आधी किती असंल?" कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, "मी आलो, मी मोजतो". मला ते फार आवडतं. प्रश्न मात्र मलाच अडकवणारा होता. इतकी वर्षं मी कार्यक्रम शाळेच्या वेळेत घेत आलो. तळ्याचा सगळ्यात कठीण तास मी कधी मोजलाच नव्हता.

रविवारी पहाटे पावणेसहाला मी बाटली घेऊन गेलो. अंधारात एक मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवरून ती उतरली, वडील हेल्मेट काढून कठड्याला टेकून उभे राहिले. रात्री थोडा वारा होता, मासे काही मेलेले नव्हते. बाटली मी भरली, बॅटरी तिनं धरली. साका पूर्ण पांढरा नव्हता, तपकिरीही नव्हता. तिनं वहीत वेळ लिहिली, रंग लिहिला, आणि खाली लगेच दुसरी ओळ आखली.

"पावणेसातला परत घेऊया," ती म्हणाली. वडिलांनी गाडी स्टँडवर लावली आणि चहा आणायला गेले.