कॉर्व्हेटची ऑर्डर नेमकी कुठे अडते: माझा अनुभव

अमेरिकेत शेव्हरोलेच्या डीलरकडे अनामत भरली की आपली कॉर्व्हेट, म्हणजे त्यांची स्पोर्ट्स कार, कारखान्याच्या रांगेत लागली, असा बहुतेकांचा समज असतो. त्या पावतीने आपण फक्त डीलरच्या यादीत शिरतो, कारखान्याला अजून आपला पत्ताच नसतो. सी८ची, म्हणजे आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटची, ऑर्डर पार पाडताना माझं एक मत पक्कं झालं: गाडी जोडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ खातो तो जोडणीला घेण्याआधीचा टप्पा आणि जोडून झाल्यावरचा. म्हणून "गाडी कधी येणार?" असं विचारून काही हाती लागत नाही. "कोड कोणता आहे आणि तो कशामुळे अडलाय?" असं विचारलं की समोरच्याला ऑर्डरची स्क्रीन उघडावीच लागते. कोड म्हणजे ऑर्डर कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगणारा आकडा.

आधी वाटप. कॉर्व्हेट १९८१पासून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या एकाच कारखान्यात बनते. तिथून निघणाऱ्या गाड्या डीलरांना त्यांच्या मागच्या विक्रीच्या हिशोबाने वाटल्या जातात. याला अ‍ॅलोकेशन म्हणतात. मोठ्या डीलरकडे ओघ चालू असतो, लहान गावातल्याच्या वाट्याला वर्षभरात अगदी मोजक्या येतात. त्यामुळे पैसे देण्याआधी दोन आकडे घ्या: गेल्या वर्षी किती कॉर्व्हेट मिळाल्या आणि माझ्यापुढे किती जण आहेत. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट असेल तर तुमचा नंबर दोन वर्षांनी लागणार, हे सांगायला विक्रेत्याची गरज नाही. "अ‍ॅलोकेशनची काळजी करू नका" असं उत्तर आलं तर मी सरळ दुसरा डीलर बघतो.

ऑर्डर सिस्टीममध्ये टाकल्यावर तिचा छापील कागद मागून घ्या. त्यावर सहा अक्षरी ऑर्डर क्रमांक असतो आणि ऑर्डरचा प्रकार असतो. एसआरई म्हणजे ग्राहकासाठी विकलेली, टीआरई म्हणजे शोरूमच्या साठ्यासाठी. टीआरई लिहिलेली गाडी तुमच्या पसंतीच्या रंगात आली तरी ती कागदोपत्री तुमची नसते. मागणी तेजीत असते तेव्हा अशी गाडी वरचे पैसे देणाऱ्याला जाऊ शकते. प्रकार एसआरई हवा, त्यात तुमचं नाव हवं, आणि छापील किमतीवर वाढीव रक्कम लावणार नाही हे डीलरच्या सहीने लेखी हवं. अनामत परत मिळणार की नाही तेही त्याच कागदावर.

आता कोड. ११०० म्हणजे डीलरने ऑर्डर भरून ठेवलीय, बस्स. विक्रेता "ऑर्डर गेली" म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती इथेच पडून असते. माझीही तशीच होती. २०००ला शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स ती स्वीकारते. ३०००ला उत्पादन नियंत्रण विभाग ती घेतो आणि टीपीडब्ल्यू मिळतो, म्हणजे उत्पादनाचा ठरलेला आठवडा. तिथे सोमवारची तारीख दिसते, पण गाडी सोमवारीच बनेल असं नाही, त्या आठवड्यात कधीतरी. आणि हा आठवडा पुढे सरकतोही. मग ३३०० म्हणजे वेळापत्रकात, ३४०० म्हणजे कागद कारखान्याच्या मजल्यावर, ३८०० म्हणजे तयार, ४२०० म्हणजे रवाना, ५००० म्हणजे डीलरकडे पोचली, ६००० म्हणजे तुमच्या हातात. रंग किंवा सीट बदलायची असेल तर ३०००च्या आत बदला. नंतर डीलर हात वर करतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

खरी मेख ११०० आणि २०००च्या मध्ये आहे. तिला कन्स्ट्रेंट म्हणतात. एखाद्या सुट्या भागाचा पुरवठा कमी असला की त्या पर्यायाचाही डीलरनिहाय कोटा पडतो. डीलरकडे गाडीचं अ‍ॅलोकेशन आहे, तुमचा नंबर पहिला आहे, पण तुम्ही मागितलेल्या भागाचा कोटा शून्य आहे, तर तुमची ऑर्डर उचलली जात नाही आणि मागच्या माणसाची साधी गाडी पुढे जाते. यात डीलरची लबाडी नसते. सगळे भाग ज्या ऑर्डरसाठी हजर, तीच ऑर्डर कारखाना घेतो.

भाग येतात कुठून कुठून ते पाहिलं की हे पटतं. स्टिंगरेचं, म्हणजे साध्या कॉर्व्हेटचं, ६.२ लिटरचं एलटी२ इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाहून येतं. आठ गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स ट्रेमेक कंपनीचा. झेड०६ या जास्त ताकदीच्या आवृत्तीचं ५.५ लिटरचं, ६७० अश्वशक्तीचं एलटी६ इंजिन बोलिंग ग्रीनमध्येच हाताने जोडतात, तेव्हा त्याची संख्या घाईने वाढवता येत नाही. झेड०६ला मिळणारी कार्बन फायबरची चाकं तर ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या कार्बन रिव्होल्युशन कंपनीची. एकेका चाकाला इतका प्रवास असेल तर ते अडणाऱ्या भागांत मोडलं तर नवल नाही.

माझ्या कागदावर अडलेली गोष्ट होती मागचा उंच स्पॉयलर. तो एलपीओ प्रकारात मोडतो, म्हणजे जोडणीच्या साखळीवर न बसवता नंतर लावायचं सामान. असं सामान ऑर्डरमधून काढून टाकता येतं आणि नंतर डीलरच्या पार्ट्स काउंटरवरून मागवून बसवता येतं. मी तेच केलं आणि ऑर्डर हलली. प्रत्येक वेळी हा मार्ग चालत नाही: चाकं, सिरॅमिक ब्रेक, सीट, पुढचा भाग उचलणारी लिफ्ट हे सगळं कारखान्यातच बसतं. त्यातलं काही अडलं असेल तर थांबायचं की सोडायचं हे ठरवावं लागतं. माझा सल्ला: लिफ्ट सोडू नका, नंतर ती बसवणं परवडत नाही. चाकं खुशाल सोडा, ती केव्हाही बदलता येतात.

काही उशिरांवर मात्र कुणाचाच इलाज नसतो. सी८ जुलै २०१९मध्ये लोकांसमोर आली. सप्टेंबरात जनरल मोटर्सच्या कामगारांचा संप झाला, तो ४० दिवस चालला, आणि उत्पादन सुरू व्हायला फेब्रुवारी २०२० उजाडला. मार्चमध्ये कोविडने कारखाना बंद. २०२० मॉडेलच्या ज्या ऑर्डरी उरल्या त्यांना २०२१ मॉडेल म्हणून नव्याने रांग लावावी लागली. डिसेंबर २०२१मध्ये टोर्नेडोने बोलिंग ग्रीन झोडपलं, कारखान्याच्या छताला आग लागली आणि काम पुन्हा थांबलं. मॉडेलचं वर्ष बदलतं तेव्हा ११००ला पडलेली ऑर्डर आपोआप पुढे जाते असं धरून चालू नका. ती नव्याने भरावी लागते, तुमचा रंग बंद झालेला असू शकतो, मूळ किंमतही वाढलेली असू शकते. ऑगस्टच्या सुमारास डीलरला स्वतःहून फोन करा.

(भारतातून विचारणाऱ्यांसाठी: उजव्या स्टिअरिंगची सी८ बनते, पण शेव्हरोलेने भारतातली विक्री २०१७च्या अखेरीस थांबवली. पुण्याजवळच्या तळेगावच्या त्यांच्या कारखान्यातलं उत्पादनही २०२०मध्ये संपलं. तेव्हा इथल्या डीलरकडे यादी वगैरे काही नाही.)

३८०० दिसलं की लोक पेढे वाटतात. जरा थांबा. तयार गाडी तपासणीसाठी किंवा एखाद्या दुरुस्तीसाठी कारखान्याच्या आवारात उभी राहू शकते. तेव्हा ४बी०० असा कोड दिसतो. ऑगस्ट २०२५चं उदाहरण घ्या. पेट्रोल भरताना पंप आपोआप बंद झाला नाही तर सांडलेलं पेट्रोल डाव्या रेडिएटरच्या पंख्यापर्यंत जाऊन पेट घेऊ शकतं, म्हणून झेड०६ आणि झेडआर१ या ताकदवान आवृत्त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे त्यांचा रिकॉल काढला, आणि न दिलेल्या गाड्याही दुरुस्ती होईपर्यंत द्यायच्या नाहीत असं ठरलं. अशा वेळी गाडी ५०००ला, डीलरच्या काचेआड, समोर दिसत असते पण मिळत नाही.

म्हणून कर्जाचा दर ३८००च्या आधी पक्का करू नका. दर पक्का ठेवण्याची मुदत बहुधा ३० ते ६० दिवसांची असते आणि ती ३०००पासून मोजायला लागलात तर गाडीआधी संपते. विम्याला चेसिस नंबर, म्हणजे व्हीआयएन लागतो. तो ऑर्डर वेळापत्रकात गेल्यावर मिळतो, मिळताच विमा कंपनीला कळवून ठेवा. जुनी गाडी बदल्यात द्यायची असेल तर तिचा भाव ५००० हा कोड दिसल्यावरच लेखी घ्या, आधीचा भाव कुणी पाळत नाही. आणि उरलेले पैसे देण्याच्या दिवशी सकाळी तोच व्हीआयएन अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा विभागाच्या (एनएचटीएसए) संकेतस्थळावर टाकून बघा. रिकॉल शिल्लक दिसला तर सही करू नका, कारण सही झाली की हप्ता तुमचा सुरू होतो आणि गाडी त्यांच्याकडेच उभी राहते.